नंदीवरची पार्वती, खाली निळ्या तलवारी

तर झालं असं की डोंबिवलीला बायकोच्या मावशींकडे जेवायला गेलो होतो, हात धुवून देवाला नमस्कार करायला वाकलो आणि तसाच वाकलेला राहिलो. देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घराण्याचे टाक आणि मागच्या पायरीवर वीतभर उंचीची चिनीमातीची एक बाई, बैलावर एका बाजूला पाय सोडून बसलेली. अंगात खणाचं इवलंसं पोलकं, कपाळाला कुंकू, बैलाच्याही कपाळाला कुंकू, बैल पांढराशुभ्र आणि शिंगांना फुलांची माळ. "आमची नंदीवरची पार्वती," मावशी म्हणाल्या, "सासूबाईंपासूनची आहे." मी म्हटलं मावशी, ही पार्वती नाहीये हो. झालं, जेवण राहिलं बाजूला.

पुढचे दोन महिने या बाईने माझे रविवार खाल्ले. जे कळलं ते ज्या क्रमाने कळलं तसंच लिहितोय, कारण खरी गंमत त्या क्रमातच आहे.

आधी माझा अधिकार काय ते सांगतो, फार नाही. नोकरीनिमित्त जर्मनीत ड्रेस्डेनला सहा वर्षं होतो, तिथून मायसेन पंचवीसेक किलोमीटर, लोकलने पाऊण तासाच्या आत. पाहुणे आले की त्यांना मायसेनचा चिनीमातीचा कारखाना दाखवायला न्यायचं हे काम माझ्याकडे, त्यामुळे तिथली दाखवण्याची कार्यशाळा मी इतक्यांदा पाहिलीय की तिकीट खिडकीवरची बाई ओळखायला लागली होती. त्यातून नाद लागला. एवढंच. डिग्री वगैरे काही नाही.

घरात या मूर्तीबद्दल दोन मतं आधीपासून होती. मावशींचा धाकटा फ्रँकफर्टला असतो, त्याने फोटोवरून इंटरनेटवर शोधून ठरवलेलं की हे अठराव्या शतकातलं ओरिजिनल मायसेन आहे, खुद्द केंडलरचं, म्हणजे तिथल्या सगळ्यात गाजलेल्या मूर्तिकाराचं, खाली कारखान्याची खूण म्हणून निळ्या तलवारी आहेत आणि 'मेड इन जर्मनी' लिहिलेलं नाही म्हणजे १८९१ च्या आधीचं, सिद्ध. आणि मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने कधीतरी हातात घेऊन सांगितलेलं की डुप्लिकेट आहे, जपानी असेल, मार्क कुणीतरी खरवडायला गेलाय बघा, दोन हजार देतो. मावशींनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मूर्ती परत देव्हाऱ्यात ठेवून दिली, जे सगळ्यात शहाणपणाचं होतं.

मूर्ती घरात कशी आली तर मावशींचे सासरे गिरगावात राहायचे आणि एका पारशी शेठजींच्या पेढीवर हिशेब लिहायचे. शेठजी गेल्यावर बंगला आवरताना शेठाणीने नोकरमाणसांना काही काही दिलं, यांच्या वाट्याला ही बाई आली. साधारण १९५० नंतरची गोष्ट. सासूबाईंनी बघितलं, बैलावर बसलेली बाई, म्हणजे कोण असणार? थेट देव्हाऱ्यात. बरं त्यांना हसायचं कारण नाही, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत जर्मनीत बनलेल्या चिनीमातीच्या लक्ष्मी-सरस्वती खरोखरच सापडतात, रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून बेतलेल्या, वर जरीचे कपडे चढवलेल्या. रविवर्म्याचा मळवलीचा छापखानासुद्धा पुढे फ्रिट्झ श्लाइशर नावाच्या जर्मन माणसाकडे गेला होता. म्हणजे जर्मनीहून पार्वती येणं अजिबात अशक्य नव्हतं. ही आली ती नेमकी दुसरी.

ही युरोपा. फिनिशियाची राजकन्या, समुद्रकिनाऱ्यावर मैत्रिणींबरोबर फुलं वेचत असताना ग्रीकांचा देवराज झ्यूस याची नजर पडली, मग देवबाप्पा पांढरा बैल होऊन गाईगुरांत मिसळले, इतका गरीब बैल की हिने शिंगांना माळा घातल्या आणि पाठीवर जाऊन बसली, आणि बसल्याबरोबर बैल समुद्रात शिरला तो थेट क्रीट बेटावर. ओव्हिड या रोमन कवीने ही कथा लॅटिनमध्ये रंगवून सांगितलीय आणि युरोपातल्या चित्रकार-शिल्पकारांनी शतकानुशतकं त्याच्यावर पोट भरलंय. मावशींना सांगितल्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे नंदी नाही, बैलच नवरा?" हो म्हटलं. "आणि मी इतकी वर्षं बैलाला नुसतं बोट टेकवून कुंकू लावतेय."

आता प्रश्न, जर्मन कारखान्याला ग्रीक देवादिकांचं एवढं काय पडलेलं. तर मुळात या मूर्ती शोकेससाठी नव्हत्याच, जेवणाच्या टेबलासाठी होत्या. दरबारी मेजवानीत शेवटी गोड यायचं तेव्हा टेबलावर मधोमध बागा, कारंजी, देवळं, देव असा अख्खा देखावा मांडायचे आणि तो आधी साखरेचा असायचा. आपल्या रुखवतातली साखरेची देवळं आठवा, जवळपास तेच. साखर पाघळते, पिवळी पडते, मुंग्या. मग मायसेनला चिनीमाती बनायला लागल्यावर साखरेची जागा तिने घेतली आणि मूर्ती ठेवायची जबाबदारीही बऱ्याच ठिकाणी मिठाईखान्याकडेच राहिली. टेबलाभोवती बसलेल्या माणसांना ओव्हिड तोंडपाठ, त्यामुळे कुठला देव कोण हे ओळखण्यात गप्पा रंगायच्या.

आणि मायसेनची चिनीमाती तरी कशी आली, तर सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा बलाढ्य ऑगस्टस, त्याला चिनी भांड्यांचं वेड, त्याने ब्योटगर नावाच्या एका पोराला कोंडून ठेवलं होतं कारण तो म्हणे सोनं बनवू शकतो. सोनं काही बनलं नाही. चिर्नहाउस नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर खपून १७०८ मध्ये चिनीमाती मात्र बनली, १७१० मध्ये मायसेनच्या आल्ब्रेख्टसबुर्ग किल्ल्यात कारखाना निघाला. १७३१ मध्ये तिथे केंडलर आला, मूळचा शिल्पकार, आणि १७७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच. त्याच्या हाताखाली एबरलाइन, राइनिके, मायर असे तगडे लोक होते, पण इंटरनेटवर सगळं केंडलरच्या नावावर खपवतात, जसं आपल्याकडे कुठलंही जुनं भजन तुकोबांच्या नावावर. देवादिकांचा कळस बघायचा तर सॅक्सनीच्या दरबारातला मंत्री काउंट ब्र्यूल याच्यासाठी १७३७ ते १७४१ च्या दरम्यान केलेला हंसांचा डिनरसेट, दोन हजारांच्या वर नग, आणि त्यावर गॅलेटिया, जलपऱ्या, शंख फुंकणारे ट्रायटन, सगळा पाण्यातला कारभार, कारण ब्र्यूल शब्दाचा अर्थच पाणथळ जागा. आडनावावरून डिनरसेट. असो.

आता मूर्ती.

माझा एक नियम आहे, मार्क शेवटी बघायचा. लोक पहिल्यांदा वस्तू उलटी करतात आणि तिथेच फसतात. त्या दोन निळ्या तलवारी म्हणजे सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या, १७२० नंतर मायसेनने वापरायला सुरुवात केली आणि तेव्हापासून अख्ख्या युरोपाने त्यांची कॉपी केली. पॅरिसमध्ये १८४५ पासून सामसाँ म्हणून फर्म होती, तिचा धंदाच जुन्या वस्तूंच्या नकला करणं. ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फसोननी तर राजाच्या नावातली ए आर ही अक्षरंच मार्क म्हणून वापरली, शेवटी मायसेनने कोर्टात जाऊन ती बंद करून घेतली. तेव्हा मार्क हा साक्षीदार आहे पण सराईत खोटारडा साक्षीदार. आधी वरून बघायचं.

वरून बघायचं तर पोलकं काढणं आलं. ते अंगावरच शिवलेलं. मावशींनी स्वतः बारीक कात्रीने टाके उसवले, मला हात लावू दिला नाही. कापड निघालं आणि सासूबाईंनी ते का शिवलं होतं ते लगेच कळलं, कारण युरोपाबाईंचा डावा स्तन उघडा आहे. "अगोबाई," एवढंच मावशी म्हणाल्या आणि लेकाला खोलीबाहेर जायची गरज नव्हती कारण तो फ्रँकफर्टला होता. पण मला दिसलं ते वेगळंच. कापडाखालची चिनीमाती ताज्या खोबऱ्यासारखी पांढरी, गालावर असते तशी हलकी गुलाबी छटा गळ्यापाशी जशीच्या तशी, आणि कापडाच्या कडेला रेघ मारल्यासारखा सत्तर वर्षांच्या उदबत्तीचा धूर. म्हणजे अर्ध्या मूर्तीवरचा मूळ रंग सासूबाईंच्या सोवळेपणाने वाचवला होता.

हात कसा आहे बघितला. बोटं सुटी, नखापर्यंत कोरलेली, बैलाच्या मानेखालची पोळी घड्यांघड्यांची, शिंगांवरच्या फुलांची एकेक पाकळी वेगळी लावलेली. या मूर्ती कशा बनतात ते पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलेल्याला लगेच समजेल. मूळ मॉडेल कापून तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा वेगळा साचा, त्यात माती दाबायची, काढायची आणि पातळ मातीच्या खळीने हात, डोकं, शिंगं जोडायची, फुलं हाताने वळून चिकटवायची. मग भट्टी, मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप आणि परत भट्टी साधारण १४०० अंशांची, आणि शेवटी रंग-सोन्याची कमी आचेची भट्टी. मोठ्या भट्टीत माती मऊ पडते. चार बारीक पायांवर एवढा बैल आणि वर बाई उभी राहूच शकत नाही, बसकण मारेल. म्हणून पोटाखाली खडक आणि फुलांचं झुडूप दिलेलं असतं, लोकांना ती सजावट वाटते पण तो टेकू आहे. या बैलाच्या पोटाखाली ते झुडूप इतकं हुशारीने लावलंय की मी पाच मिनिटं नुसतं तेच बघत होतो. स्वस्तातल्या नकलांमध्ये तिथे नुसता मातीचा गोळा असतो.

इथपर्यंत वाटलं, माल चांगला.

मग सोनं. बुडाच्या नक्षीवर सोनेरी रेघा आहेत त्या जरा जास्तच चकचकीत. हे असं भट्टीतूनच चकाकत निघणारं सोनं मायसेनच्याच क्यून नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८३० च्या सुमाराला काढलं, त्याआधीचं सोनं भट्टीतून मंद निघायचं आणि घासून उजळावं लागायचं. म्हणजे रंगकाम १८३० च्या नंतरचं. केंडलर इथेच बाद झाला, धाकट्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला सोनं नंतर लावलं असेल. असेल बाबा.

आता कुंकू. मला वाटलं होतं कुंकू म्हणजे डोकेदुखी, सगळं डागाळलं असणार. उलट झालं. चांगल्या ग्लेझमध्ये कुंकू शिरतच नाही, ओल्या कापसाने टिपलं की निघून येतं. जिथे ग्लेझ फुटलंय, माती उघडी आहे किंवा जुना गोंद आहे तिथेच ते मुरून बसतं. म्हणजे सासूबाईंनी आणि मावशींनी मिळून सत्तर वर्षं या मूर्तीची टेस्टच चालवली होती. मी फक्त रिपोर्ट वाचला.

बैलाच्या पोटाखाली, झुडपाच्या वर, दीड इंचाची चीर आहे. दुकानदाराने हीच दाखवून 'तडकलीय' म्हटलेलं. भिंगातून बघितलं तर चिरेच्या दोन्ही कडा गोलसर आणि ग्लेझ आत उतरलेलं. कुंकू वरवर होतं, टिपल्याबरोबर गेलं, आत पांढरं स्वच्छ. म्हणजे ही तडक नाही, ही भट्टीतली चीर, ग्लेझ चढायच्या आधीची, मूर्तीइतकीच जुनी. उजव्या मनगटाची गोष्ट उलटी. तिथे केसाएवढी रेघ, पण गडद लाल, कापसाने हलेना. म्हणजे नंतर मोडलेलं. मी विचारलं मनगट कधी मोडलं, मावशी म्हणाल्या नाही बाई, आमच्याकडे नाही मोडलं, आणि मग चहा ठेवायला गेल्या, आणि चहा घेऊन येताना म्हणाल्या, की धाकटा सातवीत असताना दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या हातून पडली होती, सासूबाईंना कळू नये म्हणून दोघांनी रात्री अरल्डाइटने चिकटवली. हे धाकट्याला आठवतच नव्हतं, किंवा तसं तो म्हणाला.

डावं शिंग तिसरंच. तिथे नोटा तपासायचा निळा टॉर्च मारला, हा ऑनलाइन दीडदोनशेत मिळतो आणि जुन्या वस्तूंच्या नादात याहून जास्त उपयोगाची वस्तू मी बघितलेली नाही. अंधारात बाकी मूर्ती गडद जांभळट दिसली आणि शिंगाचं टोक दुधट पिवळं उजळलं, म्हणजे नंतर बनवून रंगवलेलं. आणि त्या नव्या रंगाच्या वर कुंकवाचे कण. म्हणजे शिंग दुरुस्त झालं ते देव्हाऱ्यात यायच्या आधी, शेठजींच्या घरी किंवा त्याच्याही मागे. कुंकू रंगाच्या वर की खाली, एवढ्या एका गोष्टीवरून दुरुस्ती कुणाच्या कारकिर्दीतली ते ठरलं.

आता कुठे उलटी केली. मऊ टॉवेलवर, बैलाला किंवा बाईच्या मुंडीला धरून नाही तर बुडाला दोन्ही हातांनी धरून, हे मुद्दाम सांगतोय कारण निम्म्या मूर्ती तपासतानाच मोडतात. बुडाची कड बिनग्लेझची आणि ती पूर्ण गुलाबी, कुंकवाच्या पाण्यात वर्षानुवर्षं बसल्यामुळे. मध्ये हरभऱ्याएवढं गोल भोक, पोकळ मूर्तीतली हवा भट्टीत बाहेर पडायला. ग्लेझच्या खाली निळ्या तलवारी, नख फिरवलं तर काही लागत नाही. तलवारींच्या मुठींना टोकाला बारीक गाठी. या गाठीवाल्या तलवारी एकोणिसाव्या शतकातल्या, मधल्यापासून पुढे १९२४ पर्यंत चालल्या. बाजूला ओल्या मातीत हाताने कोरलेला मॉडेल नंबर, खाचेत मळ साचल्यामुळेच वाचता आला, शिवाय ठशाचा एक छोटा आकडा जोडणाऱ्या कारागिराचा आणि रंगाने लिहिलेला एक रंगाऱ्याचा. तीन आकडे तीन प्रकारचे. नकली मालवाले तलवारी काढतात, एवढी खटपट सहसा करत नाहीत.

आणि तलवारींवर आडव्या दोन बारीक खाचा. दुकानदार म्हणाला होता मार्क खरवडलाय. खरवडलेला नाही, त्या खाचा कारखान्यानेच मारलेल्या असतात, माल पहिल्या प्रतीचा नाही म्हणून. का नाही, तर ती पोटाखालची चीर. मला हे जुळलं तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि सांगायला कुणी जागं नव्हतं. म्हणजे दुकानदाराने ज्या दोन गोष्टींवरून मूर्ती खोटी ठरवली, चीर आणि खाचा, त्याच दोन एकमेकींना खरं ठरवत होत्या.

एक शंका उरली होती. नकला करणारे बऱ्याचदा तयार मूर्तीवरूनच साचा काढायचे. माती भट्टीत साधारण एक षष्ठांश आकसते, त्यामुळे अशी नक्कल मूळ मूर्तीपेक्षा लहान निघते. ड्रेस्डेनच्या एका ओळखीच्या गृहस्थांना नंबर आणि फोटो पाठवले, त्यांच्याकडे त्याच नंबरच्या मूर्तीची जुनी नोंद होती, उंचीत चार मिलिमीटरचा फरक. हाताने जोडलेल्या वस्तूत तेवढा चालतो.

तर माझं मत असं झालं, मायसेनच, मॉडेल अठराव्या शतकातलं, मूर्ती अंदाजे १८५० ते १९०० मधली, दुसऱ्या प्रतीची, एक शिंग जुनं दुरुस्त केलेलं, एक मनगट घरी चिकटवलेलं. धाकटा खट्टू झाला. त्याचं म्हणणं मग ओरिजिनल म्हणायची की कॉपी? मी म्हटलं पेणला एकाच साच्यातून आजोबाने आणि नातवाने काढलेला गणपती, त्यातला कॉपी कुठला? कारखाना तोच, मॉडेल तेच, काम तसंच हाताचं. भावात मात्र फरक पडतो, अठराव्या शतकातली धड असती तर किमतीत एक शून्य वाढलं असतं हे खरं. 'मेड इन जर्मनी'चं पण सांगून टाकतो. तो १८९१ पासूनचा नियम अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं असा होता. मुंबईच्या शेठजींच्या दिवाणखान्यात येणाऱ्या बैलाला त्याचं काय?

धाकट्याला मूर्ती सुटकेसमध्ये घालून तिकडे लिलावाला न्यायची होती. तिथे मी आडवा आलो. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांवरची कलावस्तू सरकार किंवा सरकारने नेमलेली संस्था सोडून कुणालाच देशाबाहेर नेता येत नाही, आणि कायदा ती किती जुनी ते विचारतो, कुठे बनली ते नाही. आधी पुरातत्त्व खात्याला विचार, मग तिकीट काढ. त्याने विचारलं नाही, कारण मावशींनीच सांगितलं की माझ्या माघारी काय करायचं ते करा.

सफाई मी अगदी थोडी केली. कोमट पाण्यात बुडवलेला कानाचा कापूस, पिळून, एकेका इंचावर. बुडवायची नाही, साबण नाही, लिंबू-चिंच तर नाहीच नाही, कारण जुना गोंद आणि शिंगावरचा नंतरचा रंग दोन्ही जातील. मनगटातली लाल रेघ आणि बुडाची गुलाबी कड तशीच ठेवली. पोलकं मावशींनी धुतलं नाही, झटकलं आणि परत शिवलं, या वेळी मागून हुक लावून, "म्हणजे तुम्हाला परत बघायचं असेल तर, जावईबापू."

एकच गोष्ट मी हट्टाने मागितली, की मूर्तीला यापुढे ओलं कुंकू नको. मावशींनी विचार केला, डब्यातून एक सुपारी काढली, बैलाच्या पुढ्यात तांदळावर ठेवली आणि कुंकू सुपारीला लावलं.